वीस की एकवीस? शिक्षणाधिकारी साहेबांना एका आईचं खुलं पत्र

मा. शिक्षणाधिकारी साहेब (प्राथमिक),
जिल्हा परिषद

स. न. वि. वि.

मी तुमच्या जिल्ह्यातल्या एका डोंगरी वाडीत आशा म्हणून काम करते. वाडीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर पहिला फोन आमच्या गुरुजींना येईल, आणि त्यांच्या फोनला आधीच उसंत नाही. आमच्यासारख्या वाड्या तुमच्याकडे पुष्कळ आहेत, त्यातली कुठलीही धरा.

विषय माझ्या लेकीच्या पहिलीच्या प्रवेशाचा आहे. ती 2020 च्या लॉकडाऊनमधली. या जूनमध्ये पहिलीला बसेल. घरापासून चालत चार मिनिटांवर जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. व्हॅनने चौदा किलोमीटरवर, तालुक्याच्या गावात, खासगी इंग्रजी शाळा आहे. दोन्हीतली कुठली, एवढाच प्रश्न. शेजारीण म्हणाली, "यात साहेबाला पत्र काय लिहायचं? पैसे असतील तर व्हॅन, नसतील तर मराठी शाळा." मलाही तसंच वाटत होतं. मग एका रात्री मी हिशेब मांडला.

आशा असल्यामुळे वाडीतली पोरं शाळेच्या पटावर यायच्या कितीतरी आधी माझ्या वहीत आलेली असतात. गरोदरपणाची नोंद, पहिलं वजन, पोलिओ, गोवर, सगळं. त्यामुळे कुठल्या साली पहिलीत किती पोरं बसणार हे मला तुमच्या ऑफिसच्या पाच वर्षं आधी कळतं. यंदा शाळेचा पट 22. चौथीची पाच पोरं दाखला घेऊन जातील, राहिली 17. पहिलीला बसण्याजोगी माझ्या वहीत पाच आहेत. तिघांच्या घरी ठरलंय, इथेच घालायचं. एकाच्या वडिलांनी व्हॅनवाल्याला आगाऊ पैसे देऊन टाकलेत. पाचवी माझी. म्हणजे 17 आणि 3, वीस. माझी लेक धरली तर एकवीस.

वीस आणि एकवीसमध्ये काय फरक, हे तुम्हाला मी सांगायला नको. 15 मार्च 2024 च्या संच मान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवायच्या, शासन निर्णयाने वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेला हक्काचा एकच शिक्षक ठेवला. दुसरा लागलाच तर सेवानिवृत्तांमधून बघायचा. म्हणजे माझ्या लेकीचं बोट धरून मी कुठल्या दिशेला चालते, त्यावर बाकीच्या वीस पोरांचा दुसरा गुरुजी ठरणार. साहेब, पोरीला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही. तिच्यावर केवढं हे ओझं?

बरं, एकवीस झाले तरी ते एकवीस राहतील का? तिसरीतल्या एका मुलाचं आधार जुळत नाही. शाळेत नाव 'श्रावण', कार्डावर 'सावन'. त्याची आजी त्याला घेऊन तीनदा तालुक्याला जाऊन आली. एकदा मशीन बंद, एकदा लाइट नाही, एकदा बोटाचे ठसे उठेनात. पोरगा रोज शाळेत येतो, खिचडी खातो, पाढे म्हणतो, पण 30 सप्टेंबरला आधार वैध पट मोजायला बसलात की तो तिथे नसतो. मग माझी लेक घालूनही वीसच.

मी कायद्याची बाई नाही. पण आमच्या प्रशिक्षणात सांगतात, कागद स्वतः वाचावा. म्हणून 2009 चा शिक्षण हक्क कायदा वाचला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी लिहिलंय, साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. वीसचा आकडा तिथे कुठेच नाही. कलम 26 म्हणतं, शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत. आमच्याकडे मंजूर पदं दोन, त्यातलं एक गेली दोन वर्षं रिकामं. जुने गुरुजी निवृत्त झाले, सत्कार झाला, शाल-नारळ झाला. मध्ये पाच महिने एक बाई प्रतिनियुक्तीवर आल्या. पोरांना त्यांचा लळा लागला तेवढ्यात त्या परत गेल्या. दोनातलं एक म्हणजे किती टक्के, हे आमची चौथीची पोरंसुद्धा सांगतील.

आता शाळेत प्रत्यक्ष काय चालतं ते सांगते.

फेब्रुवारीत जंतनाशक गोळ्या घेऊन मी शाळेत गेले. चारही वर्ग एका खोलीत, प्रत्येक वर्गाचं तोंड वेगळ्या भिंतीकडे. गुरुजी नव्हते. म्हणजे होते, पण शाळेमागच्या टेकाडावर, कारण रेंज तिथेच येते. ग्रुपवर निरोप आला होता, 'अति तातडीचे, आज 12 पर्यंत लिंक भरणे'. इकडे तिसरीतली एक पोरगी हातात पट्टी घेऊन पहिलीला शिकवत होती. पहिलीतला एक जण 'ढ' वर अडला. बाकीची हसायला लागली, कारण 'ढ' कोणाला म्हणतात हे पोरांना शाळेत यायच्या आधीच माहीत असतं. त्या पोरीने फळ्यावर एक ढग काढला, त्याला पावसाच्या रेघा काढल्या आणि म्हणाली, "हा ढगातला ढ. तू तो दुसरा नाहीस." पोरगा वाचायला लागला.

मी गोळ्यांची बाटली तशीच हातात धरून उभी राहिले. अशी शिकवण्याची हातोटी कुठल्याही फीमध्ये मिळायची नाही. पण ती पोरगी नऊ वर्षांची होती, आणि तिचं स्वतःचं तिसरीचं गणित त्या वेळी कोण घेत होतं?

गुरुजींवर माझा राग नाही. ते टेकाडावरून धापा टाकत आले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. आधार जुळवा, पोरांचे अपार आयडी काढा, यू-डायसवर शाळेची माहिती भरा, पोषण आहाराचा रोजचा आकडा टाका, साक्षरतेचा सर्व्हे करा, फोटो अपलोड करा, आणि मतदार यादीचं काम आलं की बीएलओ. कलम 27 म्हणे शिक्षकांना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं देऊ देतं. लिंक भरणं यातल्या कशात बसतं? मला गुरुजींचं दुःख कळतं, कारण माझीही गत तीच आहे. मलाही नेमलं बाळंतिणींसाठी आणि बसवलं अ‍ॅपसमोर. फरक एवढाच की मी फोनवर असताना वीस पोरं भिंतीकडे तोंड करून बसलेली नसतात.

आता व्हॅनची बाजू. ती मी वाईट म्हणून टाकून देणार नाही.

सकाळी सव्वासातला व्हॅन मारुतीच्या पारापाशी येते. वाडीतली सहा पोरं टाय, बूट घालून उभी असतात. कोणी डब्याचं झाकण चाचपतंय, कोणी झोपेत. संध्याकाळी साडेचारला परत येतात तेव्हा निम्मी पाण्याच्या बाटलीवर डोकं टेकून गाढ झोपलेली. आमच्या शेजारच्या पहिलीतल्या मुलाची वही मी पाहिली. 'धिस इज अ पीकॉक', मोत्यासारख्या अक्षरात पाच वेळा. म्हटलं, पीकॉक म्हणजे काय रे? तर म्हणाला, "टीचरने फळ्यावर लिहिलेलं." परसात त्या वेळी मोर ओरडत होता. यावर शहरातली माणसं हसतील. त्याच्या आईला हसू येत नव्हतं. तिने मला वहीच्या कोपऱ्यातली खूण दाखवली. प्रत्येक पानावर लाल शाईची सही, खाली तारीख. एक दिवस चुकलेला नाही. "निदान रोज कोणीतरी बघतं गं," ती म्हणाली. वर्षाची चोवीस हजार फी, व्हॅनचे महिन्याला बाराशे, ठरलेल्या दुकानातूनच घ्यायचा गणवेश, हे सगळं ती त्या तारखेसाठी मोजते. इंग्रजीसाठी मोजते असं तुम्हाला वाटत असेल तर तुमचा अंदाज चुकतोय. इंग्रजी तुमच्या शाळेत 2000 सालापासून पहिलीपासून आहेच.

आणि साहेब, ती लाल सही कोणाची आहे माहीत आहे? माझ्या चुलत नणंदेची. आमच्याच वाडीची, आमच्याच शाळेत शिकलेली. डी.एड. झाली, शिक्षक पात्रता परीक्षा झाली, अभियोग्यता चाचणी दिली, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर पसंतीक्रम भरले, यादी लागली, नाव आलं नाही. आता महिना आठ हजारांवर त्या खासगी शाळेत शिकवते. रोज सकाळी सव्वासातला ती त्याच व्हॅनमध्ये बसते. वाडीची मास्तरीण आणि वाडीची पोरं एकाच गाडीतून चौदा किलोमीटर जातात, आणि वाडीतल्या शाळेतली खुर्ची रिकामी राहते. मी रोज पाणी भरताना हे बघते. पवित्र पोर्टलचे नियम मला समजत नाहीत, गुणवत्ता यादी असावी हेही मान्य. पण एवढं आडवंतिडवं चित्र कुठल्या यादीत बसतं, ते कोणीतरी समजावून सांगा.

खासगी शाळेतही दर जूनला बाई बदलतात, कारण आठ हजारांवर कोण टिकणार? नणंदेचंही पुढच्या वर्षीचं खरं नाही. तरी पालकांना तिथे एक गोष्ट नक्की माहीत असते. पहिलीच्या वर्गात सोमवारी कोणीतरी उभं असेल. आमची निवड त्या 'कोणीतरी'वर ठरते. फरशी, रंगवलेली भिंत, टॅब हे सगळं नंतरचं. तुम्ही पट बघून शिक्षक देता, आम्ही शिक्षक बघून पट देतो. दोघं एकमेकांची वाट बघत बसलोय आणि मधल्या मध्ये शाळा ओसाड होतेय.

पट कमी व्हायला फक्त व्हॅन कारण नाही, हेही प्रामाणिकपणे लिहिते. माझ्या वहीत जन्मच कमी झालेत. पूर्वी घरटी तीन-चार, आता एक नाहीतर दोन. तरणी माणसं मुंबईला. माझा नवरा वाशीच्या मार्केटात आहे. तो फोनवर म्हणतो, "दोघी इकडेच या, इथल्या शाळेत घालू." कोपरखैरण्याला दहा बाय बाराची खोली, तिच्यात चार जण आधीच राहतात. गावातल्या तीन कुटुंबांनी असंच केलं, आणि त्यांची पाच पोरं पटावरून गेली. याला तुम्ही काय करणार? पण जी राहिलीत, ती शाळेवर विश्वास टाकून राहिलीत. त्यांचा तरी विचार व्हावा.

तुमच्या खात्याचा विचार समूह शाळेचा आहे, असं 2023 च्या सप्टेंबरपासून ऐकते. वीसपेक्षा कमी पटाच्या 14,783 शाळा तेव्हा राज्यात होत्या, त्या जवळच्या मोठ्या शाळेत मिळवायच्या, पानशेत आणि तोरणमाळला केलं तसं. मोठी शाळा, भरपूर शिक्षक, खेळायला मैदान, पोरांना सोबती. ऐकायला वाईट नाही. पहिलीत एकटंच पोर असलं की ते शाळेत रमत नाही, हे मीही पाहिलंय. पण आमच्याकडे जुलैत या एकदा. ओढ्यावरचा साकव पाण्याखाली जातो, घाटात दरड येते. 2021 च्या जुलैत तळियेला आणि आंबेघरला दरड कोसळून काय झालं ते विसरलेलं नाही. पावसाने काळोख केला की आमच्या वाडीत अजून रात्रभर दिवे जळतात. अशा रस्त्याने सहा वर्षांचं पोर रोज पाठवायचं, मग गाडी खासगी शाळेची असो की समूह शाळेची, जीव तितकाच टांगणीला. चालत चार मिनिटांवर शाळा असण्याची किंमत उन्हाळ्यात मांडू नका.

शहरातल्या बहिणींना तिसरा रस्ता आहे, शिक्षण हक्क कायद्यातल्या खासगी शाळांच्या मोफत पंचवीस टक्के जागांचा. तोही 9 फेब्रुवारी 2024 च्या दुरुस्तीने बंद व्हायला निघाला होता. किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खासगीला सूट. 19 जुलै 2024 ला मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली म्हणून वाचला. आमच्या वाडीपासून तीन किलोमीटरच्या आत खासगी शाळाच नाही, त्यामुळे आम्हाला त्या कलमाचा उपयोग शून्य.

आदेश तर रोज निघतात. 5 सप्टेंबर 2024 ला, ऐन शिक्षकदिनी, कमी पटाच्या शाळेत कंत्राटी शिक्षक नेमायचा निर्णय निघाला. त्यावर 25 तारखेला गुरुजी लोकांनी सामूहिक रजा टाकून मोर्चे काढले. मग 2025 मध्ये पहिलीपासून हिंदी. 16 एप्रिलला आदेश, 17 जूनला सुधारित आदेश, 29 जूनला दोन्ही मागे. टीव्हीवर महिनाभर तेच. पहिलीला दोन भाषा की तीन, यावर मोठमोठी माणसं तावातावाने भांडत होती. आणि त्याच शालेय वर्षात आमच्या शाळेत पहिलीला मराठी शिकवायला तिसरीतली पोरगी होती.

केंद्रप्रमुख आले की आम्हाला जालिंदरनगरचं उदाहरण देतात, परितेवाडीचं देतात. जिल्हा परिषदेच्याच शाळा, पण जगभर गाजल्या. ऐकून अभिमान वाटतो. पण अशा शाळांचं कौतुक वाचताना मी एकच गोष्ट शोधते, तिथला गुरुजी किती वर्षं टिकला आणि गाव त्याच्यामागे कसं उभं राहिलं. आमच्याकडे गाव उभं राहायला तयार आहे. शाळेची जागा माझ्या आजेसासऱ्यांच्या भावकीने दिली, भिंतीचे दगड वाडीने श्रमदानाने वाहिले. गेल्या उन्हाळ्यात गळणारी कौलं आम्हीच बदलली, त्यासाठी कोणाची वाट पाहिली नाही. फक्त गुरुजी वर्गणी काढून आणता येत नाही. खरं तर तोही विचार झाला होता. महिना दोनशे रुपये घरटी काढून नणंदेलाच इथे बसवायचं. तिने विचारलं, "मग मी कायम तुमचीच नोकर, सरकारची कधीच नाही, असंच ना?" विषय तिथेच संपला.

म्हणून मागणं मोठं नाही. 15 जूनला शाळा भरेल त्या दिवशी दुसरा माणूस वर्गात उभा असेल का, आणि निदान दोन वर्षं त्याला उचलणार नाही का, एवढं मला लिहून हवंय. 'प्रस्ताव सादर आहे' असं नको. होय किंवा नाही. नाही असेल तर तसंही लिहा, आम्ही आमचं बघू. दुसरं, आधारचं मशीन महिन्यातून एक दिवस केंद्रशाळेत आणा, त्या म्हातारीच्या चपला झिजल्या. आणि शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत गुरुजींच्या ग्रुपवर 'अति तातडीचे' टाकू नका. तातडी असली तर पाच वाजता टाका, तोवर पोरं घरी गेलेली असतात.

माझ्या लेकीचं म्हणाल तर तिने तिचं ठरवलंय. अंगणवाडीच्या बाईंबरोबर एकदा शाळेत जाऊन आली, तेव्हापासून फळ्यावर ढग काढणारी ती ताई तिला हवी आहे. ती ताई जूनमध्ये चौथीत जाईल, आणखी एक वर्ष आहे. प्रवेशाचा अर्ज भरून ठेवलाय, जन्माच्या दाखल्याची झेरॉक्स जोडलीय, सही तेवढी बाकी. व्हॅनवाला 10 जूनपर्यंत थांबतो म्हणालाय. त्याच्या गाडीत एकच सीट उरलीय, आणि तिच्यासाठी खालच्या आळीतूनही विचारणा आहे.

उत्तर द्याल ते कृपा करून लिंकवर नको, आणि गुरुजींच्या फोनवर तर नकोच, ते वाचायला त्यांना टेकाड चढावं लागेल. ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर साधं पत्र टाका. पोस्टमन दर मंगळवारी येतो.

आपली,
एक आशा, आणि पहिलीच्या पोरीची आई